हिरव्यात न बसलेला प्रश्न

आमच्या गावात ऑर्व्हल स्टेन्सरुड सरांचा राग थंडीसारखा धरून चालतात. असतोच, जाड कोट घालून कामाला लागायचं. त्यांनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि आता मी त्यांच्याच शेजारच्या वर्गात शिकवतो. त्यामुळे तो राग मला भिंतीपलीकडूनही मिळतो.

वर्गासाठी वाचलेल्या लेखाच्या समासात टिपणं करायची, ही सवय शाळेला त्यांनीच लावली. तपासताना ते मजकुरावर कोरा कागद ठेवत आणि नुसता समास वाचत. ‘‘लेख मी वाचलाय. पोरानं काय केलं ते बघू दे.’’ पोराचं डोकं कुठे अडलं, कुठे चिडलं, हे समासावरून कळलं तर पास. ‘छान!’ असं दिसलं की कागद बाकावर आपटायचा. ‘‘छान काय, छान? जेवायला आलायस का?’’

मग विभागप्रमुख डेनीस क्विगली बाईंनी रंग आणले. पिवळा मुख्य मुद्द्याला, निळा अवघड शब्दाला, गुलाबी स्वतःच्या अनुभवाला, हिरवा प्रश्नाला. आणि प्रश्नही असा हवा की ज्याचं उत्तर त्याच लेखात सापडेल. हो, उत्तर समोर असेल तरच विचारायचं! पुढे आणखी गंमत. आम्ही पाचही इंग्रजीचे शिक्षक टेबलाभोवती बसून एकच कागद मुकाट वाचायचो आणि बाईंनी ‘‘दाखवा’’ म्हटलं की एक ते चार बोटं वर करायचो. बोटांची सरासरी म्हणजे गुण.

फेब्रुवारीत ब्रीन लुंडगार्डचा कागद आला. नाव झाकलेलं होतं, पण आमची शाळा एवढी लहान की अक्षरावरून पोराचा बापसुद्धा सांगता येतो. ब्रीन मुलींच्या बर्फावरच्या हॉकी संघाची गोलरक्षक, तीही एकुलती एक. एका विषयात नापास झालं की त्या आठवड्यात खेळ बंद, आणि शनिवारी विभागीय अंतिम सामना. इंग्रजीत ती काठावर होती. हा कागद पडला की ती पडली.

लेख होता किशोरवयीन मुलांच्या झोपेवर. शाळा दहाला भरवा, असं कुणा शहरी तज्ज्ञाचं म्हणणं. ब्रीनची आई पहाटे उठून शाळेची बस चालवते. पोरीनं अख्ख्या लेखाला एकही रंग लावला नव्हता. समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं : ‘हे लिहिणाऱ्याच्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?’

‘‘दाखवा.’’

तिघांचं एक बोट. माझी दोन, मी नवा, माझं धाडस तेवढंच. सरांची चार.

‘‘ऑर्व्हल, याचं उत्तर लेखात नाहीये हो,’’ डेनीस बाई गोड आवाजात म्हणाल्या.

‘‘म्हणूनच विचारलंय ना तिनं! असलं असतं तर कशाला विचारलं असतं?’’

‘‘रंगांच्या तक्त्यात बसत नाही.’’

‘‘मग तक्ता मोठा करा! की पोरीला कापताय?’’

सरासरी नापासची आली. मात्र गुरुवारपर्यंत कागद सुधारून द्यायची सवलत होती. सरांनी ब्रीनला वर्गाबाहेरच्या बोळातच गाठलं. ‘‘एक रेघ वाढवायची नाही. कळलं? मी बघतो त्यांच्याकडे.’’

ब्रीननं खांद्यावरची हॉकीची बॅग खाली ठेवली. ‘‘सर, भांडणार तुम्ही. बाकावर बसणार मी.’’

सरांचा चेहरा बीटासारखा झाला. मला वाटलं, आता फुटणार. ते म्हणाले, ‘‘कर बाई, रंगव,’’ आणि जवळच्या कपाटाला लाथ घातली.

गुरुवारी कागद आला तो रंगपंचमी खेळून आल्यासारखा. चारही रंग, दोन्ही बाजूंना. ‘किशोरवयीन म्हणजे किती वर्षांचे?’ असला एक हिरवा प्रश्नही होता. उत्तर पहिल्याच ओळीत.

‘‘दाखवा.’’

सगळ्यांची चार. सरांचीही चार.

‘‘बघा! पहिल्यांदाच एकमत!’’ डेनीस बाईंनी टाळी वाजवली आणि मोजायला लागल्या.

तेवढ्यात सरांना दिसलं. पेन्सिलीच्या ओळीवर पांढरा रंग फासून, वाळवून, वर गुलाबी पेनानं लिहिलं होतं : ‘मलाही झोप आवडते.’ सरांनी मान वर केली. हात खाली घेतला तर शनिवारी जाळ्यासमोर कुणीच नाही. हात वरच राहिला.

बोळात ब्रीन भेटलीच. ‘‘खोडलंस का ते?’’

‘‘कुठल्याच रंगात बसेना, सर. आणि बाई म्हणाल्या, नियमाबाहेरचं काही दिसलं तर गुण कापतात.’’ तिला त्याचं काहीच नव्हतं. ‘‘शनिवारी येताय ना?’’

‘‘येतो!’’ सर असे ओरडले की ती दोन पावलं मागे सरली, आणि मग हसत पळाली.

मी म्हटलं, ‘‘सर, डेनीस बाईंनी अगदी कमाल केली.’’

‘‘तिला कशाला शिव्या देतोस? ती आंधळीच आहे. मी वाचलं, तरी चार बोटं वरच ठेवली. मला दे शिव्या.’’

मला देता येईनात. सर कोट न घालताच बाहेर गेले आणि गाडीची काच खरवडायला लागले, जोरजोरात, दोन्ही हातांनी. काचेवर बर्फ म्हणण्यासारखा नव्हताच.