कापूस कोणी भिजवला?

चतुराबाईचा देवावर विश्वास होता. पण देव आपल्याशी बोलला असं कोणी सांगू लागलं, की ती आधी सांगणाऱ्याचं तोंड न्याहाळायची. खोड लहानपणचीच. मोठ्या दुष्काळात इंझोरीला आईबाप गेले आणि ती मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तिथं ताटात पडलेला घास ती आधी हुंगायची, मग शेजारच्या पोरीला खाऊ द्यायची, आणि पोरगी धड दिसली की मग आपण तोंड उघडायची.

आता पंचाईत अशी झाली होती, की देव बोलला असं म्हणणारी ती स्वतःच होती. मग संशय घ्यायचा कोणाचा?

जऊळक्याच्या ख्रिस्ती मंडळीत ती प्रचारिका होती. घरोघरी बायकांत बसायचं, अक्षरं शिकवायची, गाणी म्हणायची, कोणाचं गळू फुटलं तर धुऊन बांधायचं. मंडळीचे म्हातारे पाळक आता थकले होते. तशात वरून कळलं, की बाईलाही दीक्षा देऊन पाळक करता येईल. रविवारी मोठे साहेब आगगाडीने येणार होते आणि मंडळीसमोर तिला विचारणार होते, "तुला देवाचं पाचारण आहे काय?" हो म्हटलं तर तिचं नाव पुढं जाणार, नाही म्हटलं तर विषय संपला.

तेव्हापासून गावातल्या ख्रिस्ती घरांची नजर बदलली. जगदेव पंच तर रस्त्यातच उभा राहायचा.

"काय चतुराबाई, बंगल्यात कधी जाऊन राह्यल्या?"

"कोणता बंगला, जगदेवभाऊ? पाळकसाहेबांच्या घराच्या छपरावर तर अर्धे कवेलूबी नाहीत."

"बसतीन, कवेलू बसतीन! तुमी खुर्चीत बसल्या की समदंच बसते."

खुर्चीचं नाव निघालं तशी चतुराबाई घाईने पुढं चालू लागली. कारण एकदा मंडळीच्या देवळात झाडू मारताना, कोणी नाही असं बघून, ती पाळकांच्या खुर्चीत बसली होती. जरा वेळच. आणि बसल्यावर फार बरं वाटलं होतं. ह्याला दिसलं की काय? आणि दिसलं नसेल तरी, तो म्हणतो तेच खरं असलं तर?

घरी सासू होती, रंगूबाई. ती ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "बाईमाणसानं देवळात प्रभुभोजन वाढायचं म्हणे! उद्या कोंबडी बांग देईन!"

पाचारण म्हणावं असं तिच्याजवळ एकच होतं. साथीच्या तापात तिचा नवरा शालिग्राम गेला. पाळक स्वतः अंथरुणात, पंच दारं लावून घरात. तेव्हा खड्ड्याच्या काठावर उभं राहून मातीची प्रार्थना तिनेच म्हटली होती, आणि म्हणता म्हणता आतून स्पष्ट ऐकू आलं होतं: हे तुझं काम आहे. पण त्या दिवशी तिच्याही अंगात ताप होता. देव होता की ताप होता, हे तिला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

शेवटी तिने शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, युक्ती केली. शास्त्रात एका शेतकऱ्याने उघड्यावर लोकर ठेवून देवाला खूण मागितली होती: लोकर दवाने भिजू दे, भोवतालची जमीन कोरडी राहू दे. जऊळक्यात लोकर कुठली? तिने वेचणीतला सरकीसकट कापूस घेतला, शनिवारी संध्याकाळी अंगणात ठेवला आणि कोणाला न सांगता आत गेली. म्हणजे तिला वाटलं, कोणाला न सांगता. ओसरीवर रंगूबाई पडली होती, तोंडावर पदर घेऊन. पदराआड डोळे मिटलेत की उघडे, ते कोणाला कळणार?

तांबडं फुटता चतुराबाई बाहेर आली आणि वाकली. कापूस कोरडा.

म्हणजे नाही. देव नाही म्हणाला. तिने कापूस मुठीत घेतला आणि तिची मूठ थांबली. बोटाला सरकी लागेना. हा तर पिंजलेला कापूस, सावरीसारखा मऊ! तिने नाकाशी धरला.

"आत्याबाई! माझा कापूस बदलला कोणंतरी!"

रंगूबाई ताडकन उठली. "बदलला? त्या पिंजाऱ्याच्या बाईचं काम! म्या म्हणतच होतो, भिताडाले भिताड लागून राह्यते, नजर इकडंच. पण काय बाई तरी, एवढा ओलाचिंब कापूस कोणी चोरते?"



"आत्याबाई," चतुराबाई हळू म्हणाली, "ओला होता हे तुमाले कोणं सांगितलं?"

रंगूबाईने पदर सावरला, मग पुन्हा सावरला. तेवढ्यात भिंतीपलीकडून जमीलाचं डोकं वर आलं. तिचा नवरा पिंजारी, गाद्या भरणारा.

"चतुराबहेन, खुदा कसम, चोरला नाही! फजरच्या वक्ताले उठली, पाह्यलं तर तुमचा कापूस पाण्यानं थबथबून राह्यला. सरकी कुजली असती. म्या नेला वाळत घालाले. मंग वाटलं, जागा खाली दिसली तर तुमची सासू मले चोर म्हणन. म्हणून माझ्या घरचा ठेवून दिला."

"म्हटलंच म्या!" रंगूबाई म्हणाली.

"आन् पाणी?" चतुराबाईने सासूकडे पाहिलं.

"म्या ओतलं. लोटाभर." रंगूबाईने हनुवटी वर केली. "सकाऊन ओला पाह्यला असता तर हो म्हटलं असतं न तू?"

"वा! एक ओतून राह्यली, एक वाळवून राह्यली. देवाले मधात बोलूच नाही दिलं तुमी दोघींनी!" चतुराबाईला हसू आलं आणि रागही. "पण तुमी काहून? तुमी तर साऱ्या गावाले ऐकवता, कोंबडी बांग देईन म्हणून."

"लोकाईपुढं तसंच म्हणा लागते. नाहीतर म्हणतीन, सासूच सुनेले चढवून राह्यली." रंगूबाईचा आवाज खाली आला. "शालिग्रामले मातीत ठेवलं तवा तू उभी होती. म्या तवाच तुले पाळक मानलं, चतुरे."

"मले ताप होता, आत्याबाई. तापात माणूस काहीबी ऐकते."

"तुले होता. मले कुठं होता? म्या धडधाकट उभी होतो. माह्या लेकराची माती होती ते, म्या एक शब्द सोडला नाही. तुह्या तोंडून जे निंगालं, ते तापाचं नोतं."

इतकी वर्षं चतुराबाईने स्वतःलाच उलटंपालटं करून हुंगलं होतं. तिथं आणखी कोणी उभं होतं, त्याला विचारावं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या सकाळी देवळात माणूस मावत नव्हता. रंगूबाईने काल रात्रीच विहिरीवर कापूस भिजल्याची बातमी सांगून ठेवली होती, हे आता उघडं पडलं. साहेबांनी आपल्या पुस्तकी मराठीत प्रश्न विचारायच्या आतच जगदेव उठला.

"साहेब, कापूस भिजला म्हणतेत. खूण मिळाली म्हणतेत. इचारा त्याहिले."

साऱ्या माना वळल्या. एक शब्द पुरेसा होता. खोटाही नसता तो; कापूस भिजला तर होताच.

"भिजला," चतुराबाई म्हणाली, "पण माह्या सासूनं भिजवला. लोट्यानं."

बायकांच्या बाजूला हशा फुटला. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हंजे खूण नाहीच!" जगदेव म्हणाला.

"खूण नाही. आन् मी खुर्चीतबी बसली एकदा, झाडताना. बरं वाटलं. तेबी सांगून ठेवतो, मागून कोणी सांगाले नको."

हसणं विरलं. साहेबांनी विचारलं, "मग बाई, पाचारण आहे की नाही?"

"संशय आहे, साहेब. तो माह्यासोबतच मातीत जाईन. पण मातीच्या दिवशी माह्या तोंडून जे निंगालं, त्याले साक्षीदार आहे. म्हणून हो म्हणतो. आहे पाचारण."

रंगूबाई काठी टेकत उभी राहिली.

"सासूची साक्ष!" जगदेव हसला. "ते कोण मानन?"

"नको मानू. दुसरा साक्षीदार दे." रंगूबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू मंडळीचा पंच. त्या दिवशी तू कुठं होता, जगदेव?"

जगदेव खाली बसला. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चतुराबाईचं नाव पुढं पाठवत असल्याचं सांगितलं. वर मंजूर होईल की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि तेही त्यांनी सांगितलं. चतुराबाईला तेवढ्यासाठी ते आवडले.

घरी पोचते तो जमीला भिंतीवरून ओंजळ पुढं करत होती. "घ्या बहेन, वाळला तुमचा. पुरा आहे, पाहून घ्या."

चतुराबाईने कापूस घेतला, सवयीने नाकाशी नेला, आणि मग सरकी काढायला ओसरीत बसली. रंगूबाईची उशी कधीची चपटी झाली होती.