भांगाच्या दिवशी चढलेलं पाणी

नाथा मढवींच्या मिठागरांवर आता इमारती उभ्या राहिल्या, पण सकाळी कोलशेतच्या खाडीवर एक फेरी मारायची त्यांची सवय काही सुटली नाही. निघताना पंचांगात तिथी बघायची आणि जुन्या बांधाच्या दगडावर भरती कुठवर आली ते पाहायचं. तिथीवरून भरतीचा अंदाज बांधण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

कार्तिक वद्य अष्टमीला, गुरुवारी, ते बांधावर थबकले. अष्टमीला भांग असतो, भरतीला जोर नसतो. आज मात्र पाणी पौर्णिमेच्या खुणेला टेकलं होतं. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी खाडीकाठच्या मैदानात नात करिश्माची हळद होती. बाराशे माणसांचा मंडप तयार होता.

"मयूर, वादल येतंय," घरी येऊन त्यांनी मुलाला सांगितलं. "उद्या सांजच्या भरतीला मैदानात पानी."

मयूरने मोबाइल पुढे केला. "हे बघा आबा, वादळ पश्चिमेला वळणार. आणि चार वर्षांपूर्वी काय झालेलं, विसरलात?"

विसरले नव्हते. असंच चढलेलं पाणी पाहून त्यांनी नवरात्राचं स्टेज उतरवायला लावलं होतं. वादळ सोडा, झुळूकही आली नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, एवढंच. गावाने वर्षभर त्यांना 'हवामान खातं' अशी हाक मारली.

नाथा पुन्हा खाडीवर गेले. करिश्मा मागोमाग. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं.

"आजोबा, थुंका ते! सगळं गटार येतं त्यात!"

थुंकले, पण मिठात मुरलेल्या जिभेला तेवढं पुरलं.

"धरनाचा पानी गोड लागतंय. यो नुसता खारा हाय, दर्यानं ढकललेला. तवा मी चाखला नव्हता, तीच चूक." त्यांनी धोतराला हात पुसले आणि घरी येऊन मयूरला बजावलं. "हलद सकाली करायची."

मयूरने कपाळावर हात मारला. "सकाळी नऊला डीजेवर कोण नाचणार? दूधवाला?"

"मी नाचतंय की."

"पप्पा, हळद माझी आहे ना?" करिश्मा म्हणाली. "मी सकाळी बसते." आणि तिने सगळ्या पाहुण्यांना मेसेज टाकायला घेतलासुद्धा.

शुक्रवारी धवल्याची लग्नगीतं गाणाऱ्या बायका जांभया देतच आल्या, पण एकदा सूर लागल्यावर थांबेनात. नाथा खरोखरच नाचले. बारापर्यंत पंगती उठल्या. दीडला नैर्ऋत्येकडून वाऱ्याचा पहिला झोत आला आणि मंडपाचं कापड शिडासारखं फुगलं. नाथांनी उभं राहून एकेक दोरी सोडवून घेतली. साडेतीनला शेवटचा बांबू ट्रकवर चढला, तेव्हा पाऊस आडवा मारत होता.

सातच्या सुमारास खाडी मैदानात शिरली. घराच्या ओट्यावरून मयूर फोनवर ओरडून बोलत होता. "हो आत्या, उरकली! नाही, कोणी भिजलं नाही. ठाकुर्लीला झाड पडलं? घरीच थांबा!"

"फोन ठेव," नाथा म्हणाले, "नि वर्तकनगरच्या हॉलवाल्याला लाव. उद्या लगीन हाय आन् रातच्याला वीज जानार. जनरेटर हाय का, इचार."

मयूरने हवामानाचं काही उघडून पाहिलं नाही. सरळ हॉलवाल्याचा नंबर लावला.