प्रॉम्प्टर मुखरूची टोटल लॉस व्हॅन

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकात नट पाठांतर करत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. पण दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात आणि एकेक नट चार-चार मंडळांत धावत असतो. पाठ करणार कधी? म्हणून विंगेत एक माणूस वही घेऊन बसतो आणि राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं हलक्या आवाजात पुढे सरकवतो. नागभीडजवळच्या एका गावातला मुखरू गुरनुले हे काम एकतीस वर्षं करत होता. कितीतरी नायिकांचे हुंदके आणि खलनायकांच्या आरोळ्या आधी मुखरूच्या ओठांतून निघाल्या होत्या. टाळ्या मात्र पडद्याच्या पुढे पडायच्या. त्याचं त्याला काही वाटत नसे, निदान तो तसं सांगे. विंगेतून पहिल्या रांगेपर्यंत पोचू नये इतका त्याचा आवाज बेताचा झाला होता. जेवताना त्याने मीठ मागितलं की त्याची बायको चंदाबाई दाराबाहेर बघे, कुणी आलं का म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मुखरूने कर्जावर एक व्हॅन घेतली. वडशाहून कलाकार आणायचे, प्रयोगाला बसायचं, परत सोडायचे. ड्रायव्हर आणि प्रॉम्प्टर एकाच माणसात मिळाल्यामुळे मंडळही खूष होतं. आणि यंदा भाऊबीज झाल्यावर, हंगामाच्या पहिल्याच सकाळी, कलाकार आणायला निघालेली ती रिकामी व्हॅन फाट्याजवळच्या वळणावर सरळच गेली. पुढे ऐनाचं झाड होतं. झाडाची साल निघाली, मुखरूच्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि व्हॅनचं इंजिन शेजारच्या सीटवर येऊन बसलं.

विमा कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. "दुरुस्तीत पैसा घालून फायदा नाही, टोटल लॉस," असं सांगून त्याने पुढचं समजावलं. क्लेम मंजूर झाला, तर विम्याचे पैसे आधी फायनान्सवाल्याचं उरलेलं कर्ज फेडतील आणि त्यातून काही वाचलं तर ते मुखरूचं. नामंजूर झाला, तर अजून तीन वर्षं हप्ते भरायचे.

"म्हंजे गाडी मेली तरी तिले पोसाचं?" चंदाबाईने विचारलं. मुखरू काहीतरी बोलला, पण ते कुणाला ऐकू आलं नाही.

अडचण डुकराची होती. अपघाताचं कारण म्हणून मुखरूने फॉर्मवर लिहिलं होतं, रानडुक्कर आडवं आलं. पण व्हॅनवर डुकराचा एक केस सापडला नव्हता. कंपनीला शंका आली आणि मंगळवारी चौकशीला नागपूरहून माणूस येणार असं कळवण्यात आलं.

गावाने हे मनावर घेतलं. मनावर घेणं हा त्या गावाचा जुना आजार. सोमाजी, ज्याने आयुष्यभर खलनायक रंगवले आणि ज्याचं हसू ऐकून गोठ्यातली गाय दोर तोडते, तो आधी पुढे झाला. "मुखरूभाऊ, तू चिंता कायले करतं? म्या पाह्यलं म्हणून सांगतो डुक्कर!"

"पण तू त्या दिशी सासुरवाडीले होता ना," मुखरू पुटपुटला.

"मंग काय झालं? म्या राजवाडा तरी कुठी पाह्यला? तीस वर्षं राह्यलो ना तिथी!"

शेळ्या चारणारा वारलूही साक्षीला तयार झाला. मुखरूने रात्रभर जागून दोघांची वाक्यं लिहिली. पाठ मात्र कुणीच केली नाहीत. प्रॉम्प्टर असताना पाठ करणं म्हणजे त्याचा अपमानच की.

मंगळवारी प्रफुल्ल नावाचा तो चौकशीवाला आला. तिशीतला, घामेजलेला, सरळ माणूस. त्याला मुखरूच्या अंगणात खुर्चीवर बसवलं. "मुखरू दवाखान्यात गेला हाये, येतेच," असं सांगितलं. मुखरू बांबूच्या तट्टीमागे वही उघडून बसला होता. प्रफुल्लने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

सोमाजी उभा राहिला. त्याने अंगणभर एक नजर फिरवली, जणू हजार माणसं बसली आहेत. "सकाळची कोवळी उन्हं!" तो गरजला. "अन् एवढ्यात झुडपातून तो काळा कर्दनकाळ निघाला!"

"कोण?" प्रफुल्लने विचारलं.

"डुक्कर!"

कोंबड्या पळाल्या. चंदाबाईने चहा आणला आणि कप ठेवताना तट्टीकडे रागाने पाहिलं.

मग वारलू आला. तो पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या भूमिकेत होता. "सकाळची कोवळी उन्हं," त्याने सुरुवात केली. प्रफुल्लची मान वर झाली. "अन् एवढ्यात झुडपातून तो काळा कर्दनकाळ निघाला." इथे वारलू थांबला. सोमाजीचंच साधं डुक्कर आपल्याही वाट्याला यावं हे त्याला पटेना. तट्टीमागून तीनदा "डुक्कर" आलं, तरी तो म्हणाला, "गवा! शिंगं अशी! हत्तीएवढा!"

"डुक्कर बे, डुक्कर!" सोमाजी ओरडला.

"तुले डुक्कर दिसला असंल. माह्या बाजूनं गवा होता."

प्रफुल्लने फोन बंद केला. "काका, दोघांची वाक्यं सारखी अन् जनावरं वेगळी. अन् तिथी मागं कोण बसलं हाये?"

तट्टी हलली. मुखरू बाहेर आला, वही छातीशी धरून.

प्रफुल्ल शांतपणे म्हणाला, "मुखरूभाऊ, लक्ष चुकलं म्हणून कंपनी क्लेम अडवत नाही. खोटं लिहिलं म्हणून मात्र अडवते. मी आत्ता डुक्कर लिहून नेलं तर क्लेम गेलाच समजा. खरं काय झालं, ते एकदा सांगा. मी तेच लिहितो."

मुखरूचे ओठ हलले.

"जोरात. फोनमध्ये येऊन नाई राह्यलं."

पुन्हा हलले.

"काही नाई आलं."

"अजी बोला ना!" चंदाबाई कडाडली. "हप्ते काय डुक्कर भरन?"

मुखरूने डोळे मिटले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा पोटातून आवाज काढला. "मी माह्यं नाव वाचत होतो!"

शेजारच्या अंगणातल्या बायासुद्धा थांबल्या.

मग ते सगळं निघालं. फाट्यावर नव्या नाटकाचं फ्लेक्स लागलं होतं. मंजुषाने, म्हणजे मंडळातल्या नायिकेने, यंदा हट्टच धरला होता: मुखरूभाऊंचं नाव छापा, नाही तर मी उभी राहत नाही. नायक-नायिका, खलनायक, गायक, हार्मोनियम, लायटिंग, साउंडवाला, आणि सगळ्यांत खाली 'प्रॉम्प्टर : श्री. मुखरू गुरनुले'.

"अक्षर बारीक होतं जी," मुखरू म्हणाला. "म्हणून वाकलो."

"मग गाडी थांबवून वाचायचं ना!" प्रफुल्ल म्हणाला.

"थांबलो असतो तं लोकायनं पाह्यलं असतं."

यावर कुणी हसलं नाही. सोमाजीने नाक पुसलं. त्याचं स्वतःचं नाव त्या फ्लेक्सवर फोटोसकट होतं. चंदाबाई मात्र भडकली. "मले सांगतलं असतं तं मी गेली असती ना पायी! फोटो काढून आणला असता! एवढी गाडी मोडाची?"

प्रफुल्ल सगळ्यांना घेऊन फाट्यावर गेला. त्याने ऐनाचा फोटो घेतला, मग फ्लेक्सचा, मग रस्त्यात उभं राहून किती वाकल्यावर खालची ओळ दिसते ते पाहिलं. त्यालाही बरंच वाकावं लागलं. नवा जबाब त्याने स्वतः लिहिला, डुक्कर रद्द केल्याची मुखरूची सही घेतली, आणि सांगितलं की प्रयत्न करतो, वचन देत नाही.

पुढचे वीस दिवस वाईट गेले. हप्त्याची पाच तारीख आली, ती चंदाबाईचे कानातले गहाण ठेवून निभावली. मुखरू आता सोमाजीच्या मोटरसायकलवर मागे बसून प्रयोगाला जाई.

सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक ऐन भरात होतं. सोमाजीने आडव्या पडलेल्या नायकाच्या गळ्यावर तलवार ठेवली होती. बायांमध्ये पुढेच चंदाबाई बसलेली. विंगेत वहीवर ठेवलेला मुखरूचा फोन उजळला. मुखरूची नजर ओळींवर होती, आणि नजरेखाली येईल ते वाचायचं ही हाडाची सवय.

"आपला क्लेम मंजूर झाला आहे," तो कुजबुजला.

"आपला क्लेम," सोमाजी तलवार उगारून गरजला, "मंजूर झाला आहे!"

नायक गोंधळला. "मंग आता मले मारतं कायले?"

मंडप हसायला लागला. सोमाजी तलवार खाली करून विंगेकडे बघत राहिला. मुखरू दोन्ही हातांनी फोन धरून पुढचा मजकूर वाचत उभा. तेवढ्यात चंदाबाई गर्दीतून उठली.

"खरंच झाला का जी?"

"झाला वो!" विंगेतून आवाज आला, आणि तो मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. "पूरा कर्ज फिटला! वर अकरा हजार वाचले!"

"मंग माह्ये कानातले सोडवा पह्यले!"

टाळ्या पडल्या. नायक मानेवरचा घाम पुसत केव्हाचा उठून बसला होता.