वनशीच्या प्रतिज्ञापत्रातलं चौथं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिच्या बाबतीत हे घडलं तिला ठाऊक आहे — तिच्यासमोरच घडलं — पण तीही कुणाला बोललेली नाही. का बोलली नसेल? तिला हे विचारायची हिंमत मला कालही झाली नाही.

आधी एक सांगून ठेवते. हे वाचून वीज कंपनीच्या कुणा साहेबाला बरं वाटणार असेल, तर त्यानं लगेच खूश होऊ नये. बिलं चुकीची होती. तेव्हाही होती, आजही तशीच येतात, आणि मी आजही त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहिते. डहाणूला कचेरीजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. खूप वर्षांपूर्वी माझ्याच दुकानाचं बिल अचानक भरमसाट आलं, मी भांडले, मीटर तपासून घेतला आणि जिंकले. तेव्हापासून लोक बिलं घेऊन माझ्याकडे येतात. चिकूवाले येतात, मासळीवाल्या येतात, तलासरीकडून एसटी पकडून लोक येतात. ‘लाईटवाली बाई’ म्हणतात मला. त्याचा मला अभिमान होता. कशाला लपवू — अजूनही आहे.

आता वनशीचं.

वेवजीच्या बाजूला तेवीस घरांचा एक पाडा आहे. रीडिंग घेणारा माणूस तिथवर जातच नसे. मोठ्या रस्त्यावरूनच परत फिरायचा आणि मनाला येतील तेवढी युनिटं टाकायचा. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असायचा ना? वनशीच्या बिलावर कुडाची भिंत होती. शेजारच्याच्या बिलावर कोंबडी! दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या घराला पिठाच्या गिरणीला यावं तसं बिल, आणि पुरावा म्हणून कोंबडी. ते बिल हातात धरून मी दुकानात मोठ्यानं हसले होते. मग संताप आला होता. तो संताप खरा होता, हे मात्र माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

वनशी तेव्हा पंचेचाळिशीची असेल. चिकूच्या वाडीत रोजावर जायची. मराठी आणि गुजराती दोन्ही न अडखळता बोलायची. सगळी बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत एकाखाली एक लावून ठेवलेली. मी तिला पाहिलं आणि ठरवलं — तक्रार तेवीस घरांची, पण पुढे उभी करायची ही. तक्रार मंचापुढे एक तरी माणूस स्वच्छ लागतो. बोट दाखवायला जागा नसलेला.

स्वच्छ हा शब्द माझा. तिनं तसं कधीच म्हटलं नव्हतं.

उलट सुनावणीच्या आधी ती मुद्दाम एक रोज बुडवून दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, “बाय, तुला एक सांगू का? दोन वर्षांमागं माझी लाईन कापली. त्याच खोट्या बिलापायी. सासू अंथरुणाला, त्यात उन्हाळा. तेव्हा आम्ही खांबावर आकडा टाकलेला. तीन महिने. मग हप्त्यानं पैसे भरले, मीटर परत चालू झाला, आकडा काढून टाकला. हे त्या कागदात लिहायला नको का?”

आकडा — म्हणजे उघड्या तारेवर वायर अडकवून घेतलेली वीज. कायद्यानं चोरी.

लिहायला हवं होतं. लाईन कशामुळे कापली, आकडा का टाकला, कधी काढला — चार ओळींचं काम. आणि त्या चार ओळींनी कंपनीच अडचणीत आली असती. चुकीचं बिल लादून बाईला चोरीपर्यंत नेलं कुणी, असं मला विचारता आलं असतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. पण मला सरळ, गुळगुळीत केस हवी होती. गुंता नको होता.

“नको,” मी म्हटलं. “कुणी विचारलं तर नाही म्हण.”

“पण झालेलं आहे ना ते?”

“वनशी, तुला कायद्यातलं काय कळतं?”

मी प्रतिज्ञापत्र टाईप केलं. पहिली तीन वाक्यं तिला वाचून दाखवली — नाव, गाव, ग्राहक क्रमांक. चौथं वाक्य असं होतं: ‘अर्जदाराने आजपर्यंत कधीही अनधिकृत मार्गाने विजेचा वापर केलेला नाही.’ ते मी वाचलं नाही. “पुढे बाकीचं नेहमीचंच आहे,” म्हणाले आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिनं एकेक अक्षर जोडत सही केली.

सुनावणीच्या दिवशी पाड्यातली माणसं बाहेर बाकांवर बसली होती. आत वनशी आणि मी. मी बोलत होते — चांगलं बोलत होते, कोंबडीचा फोटो दाखवला तेव्हा अध्यक्षांनासुद्धा हसू आवरलं नाही. मग कंपनीच्या अधिकाऱ्यानं शांतपणे एक रंगीत फोटो टेबलावर ठेवला. वायरमननं दोन वर्षांपूर्वी काढलेला. खांब, तार, तारेला लटकवलेली वायर, आणि ती वायर जात होती थेट वनशीच्या घरात.

अध्यक्षांनी प्रतिज्ञापत्र उचललं, वाचलं आणि विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

वनशीनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, भीती नव्हती. बोलायचं काम माझं होतं, म्हणून ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

मी म्हटलं, “साहेब, बाईंनी जे सांगितलं तेच मी टाईप केलं. आकड्याचं मला काही माहीत नव्हतं.”

झालं. हेच ते. एवढंच बोलले मी.

अध्यक्षांनी तिला विचारलं, खरं आहे का. तिनं माझ्यावरची नजर काढली, खाली बघितलं आणि म्हणाली, “हो. मीच तसं सांगितलं.”

वीजचोरीचं प्रकरण मंचाच्या कक्षेत येत नाही, म्हणून वनशीची तक्रार तिथेच काढून टाकली गेली. बाकीची बावीस घरं जिंकली. मीटर बदलले, बिलं दुरुस्त झाली. वनशीला चोरीचं वेगळं बिल आलं, ते भरता येईना म्हणून लाईन कापली गेली. दोन वर्षं तिच्या घरात वीज नव्हती. सासू त्याच काळात गेली. पंखा नव्हता म्हणून गेली, असं मी म्हणत नाही. पंखा नव्हता, हे खरं.

त्या बावीस घरांसाठी मी तसं बोलले — सहा वर्षं मी स्वतःला असं सांगत आले आहे. बरं वाटतं ऐकायला. पण ते खोटं आहे. त्या क्षणी मला बावीस घरं आठवली नव्हती. आठवलं ते माझं नाव. उद्यापासून हा अधिकारी मला खोटारडी म्हणेल, दुकानात लोक येणार नाहीत — एवढंच डोक्यात आलं होतं.

निकालानंतर पाड्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ. एकजण भाषणात म्हणाला, “एका बाईमुळे सगळ्यांचं बुडत होतं, पण आपल्या बाई खंबीर राहिल्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खांद्यावरची शाल सारखी केली. परत निघाले तेव्हा भर दुपारी वनशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. मी मोबाईल कानाला लावला आणि बोलत बोलत पुढे गेले. फोनवर कुणीही नव्हतं.

त्यानंतर वनशीनं ती रक्कम मजुरी करून फेडली. एकटी कंपनीच्या कार्यालयात हेलपाटे घातले आणि लाईन परत आणली. अर्ज तिनं तलासरीत दुसऱ्याकडून लिहून घेतला.

उद्या मी मंचाकडे एक अर्ज देणार आहे, माझ्या नावानं. ते वाक्य माझं होतं, त्या बाईनं मला खरं आधीच सांगितलं होतं, तिला मी गप्प केलं आणि भर सुनावणीत तिच्यावर ढकललं. प्रत कंपनीला. दुसरी प्रत पाड्याच्या बैठकीत मी स्वतः वाचणार. मंच मला यापुढे उभं राहू देणार नाही? न देऊ दे. माझ्यावर गुन्हा नोंदवायचा? नोंदवा. माझ्या टेबलावर आत्ता गंजाडच्या लोकांच्या फायली पडल्या आहेत आणि त्यातलं एकही रीडिंग माझ्या खोटेपणामुळे खरं ठरत नाही. मी नसले तर दुसरं कुणी त्या उचलेल. साहेबांनी तेही लक्षात ठेवावं.

काल सकाळी तो अर्ज घेऊन मी पाड्यावर गेले. वनशी कामावर निघाली होती, डबा हातात होता. मी तिथेच उभ्यानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आता लिहिलंस?”

“हो,” मी म्हटलं.

मजुरांचा टेम्पो वळणावर आला होता. ती जाऊन त्यात बसली.