नथ्थू सुताराने पायाला चाकं लावली

गोंडपिपरीकडच्या त्या गावात नथ्थू सुतारासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि त्याच्यासारखा विसरभोळाही दुसरा नव्हता. नांगर, दारं, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत नेतात ते चाकांचे लाकडी नंदी आणि कमळाचा पाय, एवढं त्याचं राज्य.

वर्धा नदीपलीकडे रझाकारांनी गाव जाळलं, तेव्हा शकुबाई लेकीला, कमळाला, पाठीवर घेऊन अलीकडे आली. कमळाचा पाय गोळीनं फुटला होता. चांद्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांनी बजावलं, "पोर वाढेल तसा लाकडी पाय बदलत राहा. आखूड पायावर चालली, तर पाठ कायमची वाकडी होईल." तेव्हापासून शिवणीच्या हलक्या लाकडाचा पाय नथ्थूच करायचा.

एका साली पोळा तोंडावर आला. ओसरीवर नंदीच नंदी. पाय घडव, चाकं ठोक, पाय घडव, चाकं ठोक, असा चाललेला हात थांबलाच नाही, आणि कमळाच्या नव्या पायालाही चाकं बसली. कमळानं तो बांधला, उभी राहिली, आणि ओसरीवरून जी सुटली ती थेट शेजारच्या सोनीबाईच्या शेणाच्या ढिगात.

"नथ्थूभाऊ, पोरगी हाय का बैलबंडी?" सोनीबाई हसून हसून खाली बसली.

सगळी आळी हसली. कमळानं पाय भिरकावला. "आता मी कोणताच पाय घालत नाई!"

नथ्थूनं चाकं काढली, गूळ दिला, हात जोडले. पोरगी ढिम्म. घरात सरपटत फिरायची. नथ्थूला तिची पाठ आत्ताच वाकलेली दिसू लागली.

पोळ्याच्या संध्याकाळी तो पुन्हा गेला. "कमळाबाई, चुकलो. सांग, काय करू?"

कमळा फणकारली. "चाकं लावली, तं शिंगं काऊन नाई लावली?"

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याच्या तोरणाखाली पोरं आपापले नंदी ओढत रांगेत लागली. मागून ठक ठक, छुम छुम करत कमळा आली. पायाला गेरू, घुंगरमाळ, आणि गुडघ्यापुढे बेगड लावलेली दोन शिंगं.

नानाजी पाटलांनी विचारलं, "तुहा नंदी कुठी हाय व पोरी?"

"हा काय! या पोरायचे नंदी ओढा लागते. माहा मलेच घेऊन चालते."

पाटलांनी बक्षिसाचा नारळ तिच्या हाती ठेवला. आळीतल्या इसरूच्या धडधाकट पोरानं रडून गाव डोक्यावर घेतलं, "मलेबी असाच पाय पायजे!"

पुढच्या साली नथ्थूला आठवण ठेवावी लागली नाही. पेरण्या आटोपत नाहीत तोच कमळा दारात उभी.

"मामा, बैल लहान झाला. अवंदा वशिंडबी करजा. अन् चाकं नको!"