राजघराणं माझ्याकडे होतं

घरात कॉम्प्युटर आला तो डंपरच्या फेऱ्या नोंदवायला. पळस्प्याच्या बाजूची आमची बरीचशी जमीन सरकारी प्रकल्पात गेली होती. आलेल्या पैशातून दादाने डंपर घेतले, पनवेलमध्ये फ्लॅट घेतला आणि आम्ही गाव सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. संध्याकाळी काय करायचं हे नव्या घरात कोणालाच कळत नव्हतं. बाबा गॅलरीत जायचे, खाली बघायचे, आत यायचे, पुन्हा गॅलरीत जायचे. आई भाजी निवडून झाली तरी परात मांडीवर घेऊन बसून राहायची.

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने त्यात एक गेम टाकून दिला होता. युरोपातलं जुन्या काळातलं एक राज्य आणि त्याचं राजघराणं. ते आपण चालवायचं. आम्ही तिघं भावंडं तो एकत्र खेळायचो. मी मधली. नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि मुंबईत पत्रकारितेचा कोर्स करायचा म्हणत होते. मोठा दादा सैन्य बघायचा. धाकट्याकडे बांधकामं आणि कर. घराण्याचं पान दादाने पहिल्याच दिवशी माझ्याकडे दिलं. घरचं तू बघ, म्हणाला.

त्या पानावर राजघराण्यातल्या प्रत्येकाचं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र असायचं. खाली वय, गुणदोष आणि निष्ठेचा आकडा. प्रत्येकाला काहीतरी काम द्यावं लागे: किल्ला, सैन्याची तुकडी, राजाच्या शिक्क्याची जबाबदारी. कामाशिवाय राहिलेल्या माणसाची निष्ठा दर ऋतूला उतरायची. फार उतरली की तो शेजारच्या राजाला जाऊन मिळायचा, किल्ला हातात असेल तर किल्ल्यासकट. राजाचा एक भाऊ असा होता की त्याला किल्ला दिला तर तो लहान म्हणून रुसायचा आणि तुकडी दिली तर राजधानीपासून लांब पाठवलं म्हणून. दादाच्या लढाया पाच मिनिटांत आटपायच्या. माझ्या पानावर सगळे खोळंबायचे.

बाबा मागे खुर्ची टाकून बसत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण कोण कोणाचा मुलगा, कोण चुलता, हे त्यांच्या पक्कं लक्षात असायचं. तो शिक्केवाला आज तोंड पाडून का बसलाय, असं ते विचारत, आणि बहुतेक वेळा त्याची निष्ठा खरंच उतरलेली असे.

आम्ही दरवेळी एकाच जागी हरायचो. राजा मेला की गेम विचारायचा, किल्ले कोणाला? सगळे एका वारसाकडे ठेवून बाकीच्यांना कामं देता येत, किंवा कायमचे वाटून देता येत. दादाचं उत्तर ठरलेलं होतं: सगळ्यांना सारखे. बाबा आणि काका यांच्यात एका बांधावरून खटला चालला होता. आमच्या लहानपणी बाबा तारखेला पनवेलच्या कोर्टात जायचे आणि संध्याकाळी न जेवता झोपायचे. सारख्या वाटण्या केल्या की भांडण होत नाही, हे दादाने तेव्हापासून धरून ठेवलं होतं. गेममध्ये सारख्या वाटण्या झाल्या की प्रत्येक राजपुत्र आपापल्या किल्ल्यापुरता राजा व्हायचा आणि शेजारी त्यांना एकेक करून गिळायचे. नातवंडांच्या पिढीत राज्य संपायचं. मी दादाला हे सांगितलं होतं. धाकट्यानेही सांगितलं होतं. दादा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा आणि राजा मेला की पुन्हा वाटण्या.

वाटण्यांत आम्ही राजकन्या धरत नव्हतो. त्यांची लग्नं लावून दुसऱ्या घराण्याचं सैन्य मदतीला घ्यायचं, हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर उरणकडून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा बंदरात नोकरीला होता, माणसं चांगली होती. साखरपुड्याचं बोलणं सुरू झालं त्याच आठवड्यात दादा वकिलाकडे जाऊन आला. कायदा बदलला होता. ज्या मुलीचं लग्न व्हायचं होतं तिलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा होता. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकारकडून एक प्लॉट मिळायचा होता आणि त्याच्या कागदावर बाबा, दादा, धाकटा आणि मी, अशी चार नावं लागणार होती. वकिलाने लग्नाआधी माझ्याकडून हक्कसोड करून घ्यायला सांगितलं. दादाने ते मला जेवताना सांगितलं, आवाज न चढवता, रॉकेल संपलंय असं सांगावं तसं. आमच्याकडे बहिणी सही करतातच. आत्याने अंगठा दिला होता, आईने तिच्या भावांना सही दिली होती. सही केली की भाऊ साडीचोळी करतात आणि माहेर उघडं राहतं. सोमवारी रजिस्ट्रारकडे जायचं ठरलं.

सही केली की लग्न, आणि लग्न केलं की मुंबईचा कोर्स संपला, हे मला स्पष्ट दिसत होतं. नाही म्हटलं तर काय होईल, ते दिसत नव्हतं. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. पुस्तक उघडलं की तीच ओळ परत वाचत होते.

शनिवारी संध्याकाळी आम्ही खेळायला बसलो. राजा मेला. दादाने नेहमीसारख्या वाटण्या सांगितल्या. तीन मुलगे होते आणि एक मुलगी, त्यांच्याहून मोठी. तिचे आकडे भावांपेक्षा बरे होते. गेम मुलीलाही किल्ला देऊ देत असे, आम्ही कधी दिला नव्हता. मी तिला नदीकाठचा सरहद्दीवरचा किल्ला दिला.

"तिला कशाला किल्ला?" दादा म्हणाला. "उत्तरेकडच्या सरदाराच्या घरात दे. भालेवाले फुकट मिळतील."

"मुलगी देऊन वर भालेवाले घेतोस. तुझ्यासारखा बाप उरणला नेऊन दाखवला पाहिजे," धाकटा म्हणाला. दादा हसला. मीही हसले.

मागून बाबांनी विचारलं, "तिकडं दिली म्हंजे ती आपल्याला दिसत नाय काय?"

"नाही. तिचं चित्र त्यांच्या पानावर जातं. ते पान आपल्याला उघडत नाही."

"मंग कवा दिसते?"

"त्यांच्याशी लढाई झाली तर. समोरच्या बाजूला दिसते."

बाबा उठून गॅलरीत गेले.

किल्ला मी तिच्याकडेच ठेवला. सरदार कुरकुरले, तसं खाली लिहून आलं. दोन ऋतूंनी मधला राजपुत्र रुसून शेजाऱ्याला मिळाला, त्याच्या किल्ल्यासह. दादा म्हणाला, "बघ. पोरीला दिलं की घर असं फुटतं." राजकन्येने किल्ला काही वर्षं चांगला सांभाळला आणि मग एका हिवाळ्यात ती तापाने गेली. गेममध्ये ताप कोणालाही यायचा.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी मी सांगितलं की मी सही करणार नाही.

दादा चिडला नाही. त्याने कप खाली ठेवला. "आम्ही तुला काय कमी केलं?"

"काही नाही."

"मग?"

"माझं नाव राहू दे."

आई पदर डोळ्यांना न लावता रडली. भावांना दुखावून कोणत्या दारात जाशील, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. धाकटा मोटरसायकलची किल्ली घेऊन खाली निघून गेला. दादा मला कायदा समजावू लागला, मग माझं शिक्षण कोणी केलं ते, मग उरणच्या लोकांना काय सांगायचं ते. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. माझ्या फिया त्यानेच भरल्या होत्या.

बाबा गॅलरीत होते. आत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "उद्या कोनी जायचा नाय." आणि परत बाहेर गेले. ते माझ्या बाजूने बोलले की फक्त भांडण टाळलं, ते त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

उरणचं स्थळ महिन्याभरात थंडावलं. भावांना हिस्सा न सोडणारी मुलगी नको, असा निरोप मध्यस्थाने जरा गोड करून आणला. जूनमध्ये मी कोर्सला गेले आणि तिथून एका वर्तमानपत्रात लागले. त्या वर्षीच्या भाऊबीजेला धाकटा आला, दादा कामात होता. पुढच्या वर्षीही तो कामात होता. आम्ही भांडलो कधीच नाही. सणाला मी पनवेलला गेले की तो मला जेवायला वाढतो, प्रकृती विचारतो आणि बातम्यांवर बोलतो.

प्लॉट मिळाला. कागदावर चार नावं लागली; बाबा गेल्यावर आईने आपला हक्क सोडला आणि आमची तिघांची उरली. त्यावर इमारत उभी करायची तर माझी सही लागते. दादा ती मागायला आलेला नाही. तो धाकट्याकडून निरोप पाठवतो. मी धाकट्याला सांगते की बांधकामाला माझी ना नाही, दादाने एकदा स्वतः फोन करावा. धाकटा दोन्हीकडचे निरोप जसेच्या तसे पोचवतो. प्लॉटला तारेचं कुंपण आहे, आत गवत वाढतं आणि पावसाळ्यानंतर दादा माणूस लावून ते कापून घेतो.