झांफिराच्या गाडीचे वाटेकरी

कोर्नेतमध्ये गाडीचे बॉनेट उघडले की गावातले पुरुष जमतात. कुणाच्या गवताच्या गंजीला आग लागली तरी एवढे जमत नाहीत. त्यांना बोलवावे लागत नाही. पत्र्याची करकर ऐकली की हातातले काम टाकून, हात पाठीमागे बांधून ते येतात, इंजिनात डोकावतात आणि एकेक मत टाकून जातात. मताला काही लागत नाही. पाना आणायला घरी जावे लागते, म्हणून तो कुणी आणत नाही.

झांफिरा हुलुबेई हे तेवीस वर्षे पाहत आली होती. या गर्दीबद्दल तिच्या मनात जे होते त्याला राग म्हणता येणार नाही. राग माणसांवर करतात.

ती पाच गावांच्या गाई भरवायची. दुधाच्या कॅनएवढा नायट्रोजनचा डबा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला, त्यात वळूच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या, शेजारी लांब हातमोजे आणि रबरी बूट. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळपर्यंत भरवायची. वेळ चुकली तर पुढचे एकवीस दिवस गाय नुसती चारा खाते आणि मालक झांफिराच्या नावाने खडे फोडतो. म्हणून बर्फ असो, चिखल असो, गाडी सुरू व्हावी लागे. नवरा पंधरा वर्षांपूर्वी इटलीत बांधकामावर गेला आणि तिथल्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात राहिला. त्याची उणीव तिला भासली नाही. गाडी दोन दिवस बंद पडली तर मात्र भासायची.

गाडी तिच्या बापाची. सरकारी कारखान्यात नाव नोंदवून त्याने पाच वर्षे वाट पाहिली होती, आणि ती दारात आली त्या दिवशी त्याने बूट काढून आत पाय ठेवला होता. तेव्हा साऱ्या देशात हीच गाडी, फरक फक्त रंगाचा. ही जुन्या लोण्यासारखी पिवळट. गिअरच्या दांड्याची प्लास्टिकची मूठ फुटली तेव्हा बापाने आलुबुखाराच्या लाकडाची मूठ कातून बसवली. झांफिराच्या तळव्याने ती घासून घासून काळी आणि गुळगुळीत केली होती. बाप गेला, मूठ राहिली.

त्या सप्टेंबरात गाडी तपासणीत नापास झाली. खालचा पत्रा कुजला होता. पाठोपाठ जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आले: ऑक्टोबरअखेरच्या संत दुमित्रूच्या सणापर्यंत तपासणी झालेली गाडी दाखवा, नाहीतर पाच गावांची फेरी पलीकडच्या खोऱ्यातल्या तरुण डॉक्टरकडे जाईल. झांफिराचे वय अठ्ठावन्न. फेरी गेली तर तिच्याकडे एक कुंपण, सहा बदके आणि पाचही गावांतल्या प्रत्येक गाईची आठवण, एवढेच उरणार होते.

ती वेल्डर इलारिएकडे गेली. इलारिए कमी बोलायचा, म्हणून गावात त्याला अर्धवट समजत. त्याने गाडीखाली सरपटत जाऊन स्क्रूड्रायव्हर टोचला. तो लोण्यात जावा तसा आत गेला.

"इंजिन मरत नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. "हाडं गेलीत. जोडतो म्हटलं तर जोडेन. तीन आठवडे लागतील. शुक्रवारपर्यंत आणून दिलीस तर सणाच्या आत तपासणी होईल. एक हिवाळा काढेल. त्यापुढचं मला विचारू नकोस."

"तुझी असती तर काय केलं असतंस?"

"माझी नाहीये."

दुसरी वाट सरकारी चिठ्ठीची. जुनी गाडी शहराजवळच्या भंगारवाल्याकडे द्यायची, त्याने चिठ्ठी द्यायची, ती दाखवली की नव्या गाडीची किंमत बरीच उतरायची. तिची मुदतही त्याच शुक्रवारी संपत होती.

झांफिराने विचार करायला म्हणून अंगणात बॉनेट उघडले, आणि अर्थातच ते तिघे आले. वरच्या वाडीतला गाव्रिल, गुडघ्यापर्यंत बूट आणि कमरेपर्यंत आळस असलेला. गाडीवान ओनोफ्रेई, ज्याच्या घोड्याला त्याच्याहून जास्त समज होती. आणि चर्चची घंटा वाजवणारा पांफिल, जो कुठल्याही गोष्टीवर डोळे ओले करू शकायचा.

"दुरुस्त करा बाई," गाव्रिल म्हणाला. "असा पत्रा आता मिळत नाही."

"पत्राच तर नाहीये," झांफिरा म्हणाली.

"नव्या गाड्या म्हणजे नुसत्या तारा," ओनोफ्रेई म्हणाला. "उंदराने एक तार खाल्ली की संपलं. हिच्यात उंदीर उपाशी मरेल."

पांफिलने टोपी काढली. "हिच्यात तुझ्या बापाचा श्वास आहे, झांफिरा. श्वास कुणी भंगारात घालतं का?"

"तुझ्या घंटेची दोरी तीन वर्षं तुटकी आहे पांफिल. आधी तिला श्वास दे."

ते हसले, थुंकले आणि गेले. पण त्यांचे बोलणे तिच्या डोक्यात राहिले, आणि ते राहिले याचीच तिला चीड आली. चार रात्री तिला नीट झोप लागली नाही. शेवटी तिने पहाडाचा रस्ता, जानेवारी आणि तो स्क्रूड्रायव्हर एकत्र आठवला. रविवारी दूध घालायला सगळे जमले असताना तिने सांगून टाकले, "शुक्रवारी गाडी भंगारात देतेय. उद्यापासून बुधवारपर्यंत शहरात बहिणीकडे आहे, नव्या गाडीचे कागद करायला."

पांफिलने छातीवर क्रूसाची खूण केली. झांफिराला वाटले, दुःख झाले बिचाऱ्याला.

बुधवारी दुपारी ती बसने परत निघाली. वरच्या वाडीच्या वळणावर बस हळू होते. गाव्रिलच्या ओसरीवर एक सीट मांडलेली होती, आणि तिच्यावर रेलून गाव्रिल सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. सीट अगदी आपल्यासारखीच, झांफिराच्या मनात आले. उसवलेल्या जागी निळा दोरासुद्धा तोच. पुढे पांफिलच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर नवे छप्पर दिसले. लोण्याच्या रंगाचे. गावाच्या तोंडाशी बसने ओनोफ्रेईची घोडागाडी मागे टाकली. ती इतकी मऊ चालली होती की ओनोफ्रेई तिच्यावर झोपला होता. चारही चाके ओळखीची होती.

म्हणून फाटकाशी उतरल्यावर झांफिराला धक्का बसला नाही. अक्रोडाच्या झाडाखाली गाडी लाकडाच्या चार ओंडक्यांवर उभी होती, तोंड उघडे टाकून, म्हाताऱ्याचे दात काढल्यासारखी. बॅटरीही नव्हती. ती मधाच्या पेट्यांभोवतीच्या विजेच्या तारेला लागली होती, अस्वले येऊ नयेत म्हणून. पेट्या पांफिलच्याच.

तिने भंगारवाल्याला फोन लावला.

"गाडी पुरी हवी," तो म्हणाला. "चाकं, बॅटरी, सीटा, बॉनेट. यादी आहे. एक वस्तू कमी असली तरी चिठ्ठी नाही. तुमच्या खेड्यांतून लोक नुसते सांगाडे आणतात हो."

आणि सांगाड्याला इलारिएही जोडू शकला नसता. म्हणजे दुरुस्तीही गेली, बदलीही गेली आणि फेरीही. तिघा जणांनी तीन दिवसांत, एकही पाना विकत न घेता, तिचा निकाल लावला होता. गाडी वाचवायला ज्यांच्याकडे हत्यार नव्हते त्यांच्याकडे ती उघडायला सगळी हत्यारे होती.

झांफिरा कुणाच्या दारात गेली नाही. तिने मक्याच्या पिठाची मामालिगा रटरटवली, चीजबरोबर खाल्ली आणि झोपली. तिला गाई माहीत होत्या.

गुरुवारी उजाडताच गाव्रिल धापा टाकत फाटकाशी आला.

"झांफिराबाई! जोयाना माजावर आली! पहाटेपासून हंबरतेय. चला लवकर."

जोय म्हणजे गुरुवार; गुरुवारी जन्मली म्हणून ती जोयाना. वाडीतली सगळ्यांत चांगली दुधाळ, आणि मागच्या खेपेला गाभ न धरता उलटलेली.

"मग आज संध्याकाळपर्यंत भरवायला हवी," झांफिरा बदकांना दाणे टाकत म्हणाली.

"तेच तर! चला."

"कशावर?"

गाव्रिलने ओंडक्यांकडे पाहिले, मग आभाळाकडे.

"डबा वीस किलोचा आहे," ती म्हणाली. "चढ चार किलोमीटरचा. मी सीटवर बसून येते गाव्रिल. माझी सीट कुठंय?"

"ती... बाई, भंगारातच जाणार होती ना. वाया जाऊ नये म्हटलं. चांगली वस्तू वितळवणं पाप आहे."

"रविवारपर्यंत तर तू म्हणत होतास, असा पत्रा मिळत नाही."

"म्हणून तर घेतली!" गाव्रिल मनापासून म्हणाला. त्याला यात काही विसंगत दिसत नव्हते, आणि झांफिराला नेमके तेच असह्य होत होते. चोराला निदान लाज तरी असते.

"ऐक," ती म्हणाली. "सीट, चार चाकं, बॅटरी, बॉनेट. सगळं जागेवर बसलं आणि इंजिन सुरू झालं की मी येते. नाही झालं तर एकवीस दिवसांनी बघू. ओनोफ्रेईला सांग, त्याचीही गाय या आठवड्यात माजावर येईल. पांफिलला सांग, त्याची कालवड मी पाहून ठेवलीय."

"पण सीट वर वाडीत आहे!"

"नेताना चढ होता. आता उतार आहे."

तो दिवस कोर्नेतमध्ये पुष्कळ दिवस आठवला जाईल. गाव्रिलने आधी ओनोफ्रेईला गाठले. पण चाके काढल्यावर घोडागाडी बसली, त्यामुळे सीट आणायला वाहन उरले नाही. गाव्रिल ती पाठीवर बांधून चार किलोमीटर उतरला, वाटेत भेटेल त्याला शिव्या देत. पांफिलने खुराड्यावरून बॉनेट उचलले तेव्हा कोंबड्या त्याच्या अंगावर आल्या. दुपारी तिघेही अक्रोडाखाली गुडघ्यांवर होते, हातांना ग्रीस, केसांत पिसे. झांफिरा बाकावर बसून मटार सोलत होती.

"तो नट उलटा फिरवतोयस, ओनोफ्रेई."

"माहितीय मला!"

"माहितीय तर उलटा का फिरवतोयस?"

चारच्या सुमाराला तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकले, आणि मग तो आवाज आला, जाड, संथ, पोट भरलेल्या मांजरासारखा. तिने मूठ धरली. कोंबड्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ घेऊन गाडी वरच्या वाडीला निघाली, आणि कधी नव्हे अशी चढली. दोन्ही बाजूंना बीचची झाडे तांबूस झाली होती, खाली ओढा वाजत होता. तेवढ्या चार किलोमीटरांत झांफिराला वाटले, इलारिएकडे न्यावी. एक हिवाळा तर एक हिवाळा. आपणही किती हिवाळ्यांचे आहोत?

जोयाना शांत उभी राहिली. काम दहा मिनिटांत झाले. झांफिरा बादलीत हात धूत असताना गाव्रिल साबण घेऊन जवळ आला. डोळे गाडीवर.

"काय चढली बाई! वाघीण आहे वाघीण. इलारिएकडे टाका, अजून दहा वर्षं काढेल."

"खरंच म्हणतोस?"

"देवाशप्पथ." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि समजा, समजा हं, उद्या भंगारातच द्यायची ठरलं, तर ते लोक सीट मोजतात का? माझ्याकडे जुनी खुर्ची आहे. रंग साधारण तसाच आहे. तुम्ही म्हणालात तर आत्ताच बदलून टाकू."

झांफिराने हात पुसले. टॉवेल घडी करून त्याच्या खांद्यावर ठेवला, जसा एखाद्या खुंटीवर ठेवावा.

"गाय आज पाण्यापासून लांब ठेवू नकोस," एवढेच ती म्हणाली.

त्याचा तिला राग आला नाही. उलट सगळे लख्ख दिसले. दुरुस्त करा म्हणणारा एकही जण त्या गाडीकडे पाहत नव्हता. जो तो आपल्या ओसरीकडे पाहत होता. आणि जानेवारीत पहाडावर खालचा पत्रा सुटला असता तर हेच तिघे सगळ्यांत आधी पोचले असते. हात पाठीमागे बांधून. मग हात सोडून.

शुक्रवारी सकाळी ती निघाली तेव्हा तिघेही फाटकाशी उभे होते, स्वतःच्या कामावर खूश, जणू गाडी त्यांनीच बनवली होती.

"इलारिएला म्हणावं, काम नीट कर!" पांफिल ओरडला. झांफिराने हात हलवला. तिठ्यावर डावीकडे इलारिएचे दुकान, उजवीकडे शहर. तिथे ती थोडा वेळ थांबली, इंजिन चालू ठेवून. मग उजवीकडे वळली.

भंगारवाला यादी घेऊन गाडीभोवती फिरला. चाके चार. बॅटरी. सीटा. बॉनेट. बॉनेटवर त्याने बोट फिरवले आणि नाकाशी नेले.

"हे काय आहे?"

"आमच्या गावच्या लोकांचं मत," झांफिरा म्हणाली.

त्याने आत डोके घातले. "गिअरची मूठ नाहीये. नुसती सळई आहे."

"यादीत मूठ आहे?"

त्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. "नाही."

"मग शिक्का मार."

त्याने शिक्का मारला. चिठ्ठी घेऊन झांफिरा बसथांब्यावर जाऊन बसली, तासभर, कारण बस तासाभराने होती. कोटाच्या खिशात आलुबुखाराची मूठ होती, तिठ्यावर स्वतःच्या हाताने उपसून काढलेली. चांगली वस्तू, वितळवून वाया जाऊ नये म्हणून. गाव्रिलचेच वाक्य, शब्द तेवढे इकडचे तिकडे. तिने ते स्वतःपासून लपवले नाही. तिने स्वतःलाही त्या तिघांच्या ओळीत उभे केले, फक्त थोडे बाजूला.

गावात उतरली तेव्हा ओनोफ्रेई फाटकाशीच होता.

"बाई, गाडी कुठंय? आणि खिशात काय एवढं फुगलंय?"

"तुझ्या कामाचं काही नाही," ती म्हणाली. "गाय माजावर कधी येतेय ते सांग."